डेडवूड: ताबा एकाचा, जमीन दुसऱ्याची

अमेरिकेत साउथ डकोटा राज्यातल्या ब्लॅक हिल्स डोंगरांत, एका अरुंद घळीत डेडवूड वसलंय. वस्ती जेमतेम बाराशे. लोक इथे येतात ते कॅसिनोंसाठी आणि पिस्तूलबाज वाइल्ड बिल हिकॉकची कबर बघायला. पण गावाचा सातबारा काढायला गेलं, तर पहिलंच नाव खोडलेलं दिसेल.

१८६८ च्या फोर्ट लॅरॅमी तहाने ब्लॅक हिल्ससह मोठा मुलूख सू या तिथल्या मूळ रहिवासी लोकांसाठी, म्हणजे मुख्यतः लाकोटांसाठी, राखून ठेवला. त्यातली जमीन सोडायची तर किमान तीन-चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या लागतील, असं तहातच नमूद होतं. १८७४ मध्ये लष्करी अधिकारी जॉर्ज कस्टरच्या मोहिमेला तिथे सोनं सापडलं. सरकारने डोंगर विकत मागितले, सू प्रमुखांनी नकार दिला. मग राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी घुसखोरांना अडवणारं सैन्य गुपचूप मागे घेतलं आणि १८७६ मध्ये डेडवूड उभं राहिलं. तंबू, दुकानं, गुत्ते सगळं होतं. कायदेशीर कागद एकाही जागेचा नव्हता.

२ ऑगस्टला हिकॉकचा खून झाला. खाणवाल्यांनी गावातच खटला भरवून मारेकरी जॅक मॅकॉलला निर्दोष सोडलं. पण गावच बेकायदा, तर त्याच्या निकालाला किंमत काय? त्यामुळे डकोटा प्रदेशाच्या तेव्हाच्या राजधानीत, यँक्टनला खटला पुन्हा चालला आणि १ मार्च १८७७ रोजी मॅकॉल फासावर गेला.

त्याच्या आदल्याच दिवशी ब्लॅक हिल्स ताब्यात घेण्याचा कायदा झाला होता. सरकारी शिधा तोडण्याची धमकी देऊन मिळवलेल्या सह्या जेमतेम दहा टक्के पुरुषांच्या होत्या. याला खरेदी म्हणणं मला तरी शक्य नाही.

पुढे गावकऱ्यांचीच आपसात जुंपली. वर एकाचं घर, खालच्या सोन्यावर दुसऱ्याचा हक्क. डेडवूडमधल्या अशाच एका भूखंडाचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. खनिजासाठी मोलाची म्हणून माहीत असलेली जमीन गावठाण म्हणून मिळवता येत नाही, असं सांगत न्यायालयाने १८८५ मध्ये खाणीचा पट्टा असलेल्याच्या बाजूने निकाल दिला.

मूळ मालकांना निकाल मिळायला १९८० साल उजाडलं. जमीन घेतली पण रास्त मोबदला दिला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. १ कोटी ७१ लाख डॉलर आणि १८७७ पासूनचं व्याज मंजूर झालं. सू जमातींनी ते घेतलेले नाहीत. रक्कम सरकारी खात्यात वाढत १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे, आणि त्यांची मागणी अजूनही जमिनीचीच आहे.