वणव्याआधीची बेणणी: गवत उचलायचे पैसे वेगळे का?

(रत्नागिरी परिसरातील आंबा-काजू बागायतदारांसाठी)

"यंदा वणवा लागेल का हो?" ही विचारणा दिवाळीपासूनच सुरू होते. हवामान खात्याचा मार्च ते मेचा अंदाज फेब्रुवारी संपता संपता येतो, तोवर सड्यावरचं, म्हणजे कातळमाळावरचं, गवत वाळून कोळ झालेलं असतं. म्हणून बेणणीची, म्हणजे बागेतलं गवत-झुडूप साफ करायची, कामं घेणारे आम्ही गवताकडेच बघतो. पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला, गवत कमरेपर्यंत गेलं, की उन्हाळ्यात जळायला तेवढं जास्त. पाऊस भरपूर झाला म्हणजे वणव्याची भीती गेली, असं मुळीच नाही.

आता मुद्द्याचं. आग अडावी म्हणून बागेच्या कडेने गवत काढून मोकळी ठेवलेली पट्टी म्हणजे पट्टा. "पट्टा मारूनही आग आत आलीच," अशी तक्रार येते तिथे जाऊन बघितलं तर बहुतेक ठिकाणी ग्रासकटर फिरलेला असतो आणि कापलेलं गवत जागीच पडलेलं असतं. त्यावर काजूचा, आंब्याचा पातेरा, म्हणजे वाळका पाला, साचतो. आग त्यावरून सरपटत गडग्यापर्यंत, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणापर्यंत, येते आणि वाऱ्याने ठिणगी आत पडते. मग आम्हाला माणसं पुन्हा पाठवावी लागतात, तीही आंबा काढणीला गडी मिळत नसताना.

म्हणून आमच्या दरपत्रकात कापणी आणि उचल अशा दोन ओळी असतात. दुसरी खोडायला सांगणारे पुष्कळ आहेत. खोडायचीच असेल तर पट्ट्याचं काम आम्ही घेत नाही. बागेतली नुसती बेणणी हवी तेवढी करून देऊ. पट्ट्यात माती दिसली पाहिजे. रुंदी आम्ही 10 फूट धरतो आणि उताराच्या खालच्या अंगाला 20, कारण आग चढावर जोरात धावते. उचललेलं गवत कलमांना आच्छादन म्हणून घालतो, पण खोडापासून हातभर लांब. नोव्हेंबरात काम दिलंत तर गवत अजून हिरवट असतं, गुरांसाठी गावातलेच कोणी घेऊन जातात आणि उचलीचा खर्च बराच उतरतो. "शिमग्याला आलो की बघू" म्हणणाऱ्या मुंबईकरांनी एवढं ध्यानात घ्यावं.

पट्टा जाळून मात्र मागू नका. दुपारी खारा वारा सुटला की आग कोणाच्या हातात राहत नाही. राखीव जंगलात शिरली तर भारतीय वन अधिनियम, 1927 खाली गुन्हा होतो, आणि शेजाऱ्याची कलमं जळाली तर भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालतं. शेजारी भाजावळ, म्हणजे शेतात पालापाचोळा जाळायचं काम, असेल त्या दिवशी राखणदाराला फवारणीचा पंप पाण्याने भरून बागेतच थांबवा.

पहाटेच्या गारव्यात धूर खालच्या वाडीत बसून राहतो. दम्याच्या माणसांना ऊन चढेपर्यंत घरातच ठेवा. बाहेर पडावंच लागलं तर एन-95 मास्क लावा, रुमालाने बारीक धूर अडत नाही.

उपग्रहाने टिपलेल्या आगींची सूचना भारतीय वन सर्वेक्षण संस्था नोंदणी केलेल्यांना एसएमएसने देते. नोंदणी जरूर करा, पण उपग्रह ठरावीक वेळीच वरून जातो. राखणदाराचा फोन बहुधा आधी येईल. वनविभागाचा क्रमांक 1926, अग्निशमन दलाचा 101.

नोव्हेंबरच्या कामाची नोंद गणपतीनंतर घेतो. बाग बघून दर सांगू, बघण्याचे पैसे नाहीत.