शोरूम 'चालतंय' म्हणालं, म्हणजे आरटीओला चालतंय असं नाही

नव्या दुचाकीला काही बसवायचं म्हटलं की साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो: 'चालतंय का?' सांगणाराही एका शब्दात सांगून मोकळा होतो. खरं तर प्रश्न दोन आहेत. हा बदल केल्यावर कंपनी वॉरंटीत काम करून देईल का, हा एक. आणि असा बदल असलेली गाडी रस्त्यावर आणता येते का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर गाडीबरोबर मिळालेल्या वॉरंटी पुस्तिकेत असतं (जी बहुतेकांनी उघडलेलीही नसते), दुसऱ्याचं मोटार वाहन कायद्यात. इकडचा होकार तिकडे चालत नाही.

गाडी घरी आली की पोरांचा पहिला पाना लागतो तो साडीगार्डला. ते काढल्याने इंजिनाला काही होत नाही, त्यामुळे सर्व्हिस सेंटरवाला चकार शब्द काढत नाही. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागे बसणाऱ्यासाठी हँडग्रिप, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारं संरक्षण मागतो. आरसे काढले तरी तेच, फॅन्सी नंबरप्लेट लावली तरी तेच. वॉरंटी शाबूत आणि दंडाची पावती हातात.

उलटही होतं. एअर फिल्टर बदलला किंवा ईसीयूचं, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं, मॅपिंग (त्यातल्या सेटिंग) बदलून घेतलं, तर नाक्यावरच्या हवालदाराला ते दिसायचं कारण नाही. इंजिनात बिघाड झाला की सर्व्हिस सेंटरला मात्र तेच आधी दिसतं.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती वायरिंगवरून. पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचं तर धुक्यात पुढचं दिसत नाही, म्हणून फॉगलाइट हवेतच; त्यात चूक काही नाही. पण बसवणारा घाईत असेल तर हेडलाइटची वायर सोलतो, तिला नवी वायर पिळतो आणि वर काळी टेप गुंडाळतो. रिले (दिव्यांचा जादा करंट स्वतःवर घेणारा स्विच) नाही, वेगळा फ्यूज नाही. दोन-चार पावसाळी फेऱ्यांत टेप सुटते, पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं. मग कधी फ्यूज उडतो, कधी मीटरवर दिवे लुकलुकतात, कधी गाडी सेलच घेत नाही. सर्व्हिस सेंटरमधला मेकॅनिक टाकी उचलतो, तो हिरवा जोड बोटाने दाखवतो आणि वायरिंगचा क्लेम तिथेच संपतो. तेच दिवे रिले आणि फ्यूज असलेल्या वेगळ्या हार्नेसवर (वायरच्या जुडग्यावर), मूळ वायर न कापता, कपलर म्हणजे जोडणीचा प्लग लावून बसवले असते तर वाद घालायला जागा राहिली असती. तरीही समोरच्याच्या डोळ्यांत थेट प्रकाश मारणारे दिवे कायद्याला चालत नाहीत, ते कितीही नीट बसवले तरी.

पुंगळी, म्हणजे सायलेन्सर, बदलणारा दोन्हीकडून अडकतो. बीएस-६ (धुराच्या सरकारी मानकांच्या) गाड्यांत उत्सर्जनाचा हिशेब ऑक्सिजन सेन्सर आणि धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर चालतो. मोकळी पुंगळी लावली की बऱ्याचदा इंजिनाचा दिवा पेटतो आणि कंपनी हात वर करते. रस्त्यावर आवाज आणि प्रदूषणासाठी कलम १९०(२) आहे, त्यात १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गाडीत परवानगी नसलेला बदल केल्याबद्दल कलम १८२-अ वेगळंच: प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. रंग बदलायचा असेल तर आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करता येते. पुंगळीला तशी वाट नाही.

'शोरूममधूनच बसवलंय' हे वाक्य त्यामुळे अर्धंच उपयोगी. कंपनीच्या अधिकृत यादीतली वस्तू अधिकृत डीलरने बसवली असेल आणि बिलावर तिचं नाव असेल, तर वॉरंटीचं काम सोपं होतं. डीलरने बाहेरची वस्तू आणून बसवली असेल तर ती बाहेरचीच. बिल बघा, काउंटरवरच्या माणसाच्या शब्दावर जाऊ नका.

फॉगलाइट आहेत म्हणून फोर्कचं (पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचं) ऑइल सील गळण्याचा क्लेम नाकारला, तर मात्र गप्प बसू नये. दिव्यांचा सीलशी काय संबंध, हे जॉबकार्डवर लिहून मागा. पुस्तिकेत नेमकं काय छापलंय तेही वाचा, कारण काही कंपन्या संबंधित भागापुरतीच वॉरंटी काढतात, काही सरसकट. लेखी नकार हातात असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. 'बाहेरचा पार्ट लावला म्हणून वॉरंटी काढताच येत नाही' असं छातीठोक सांगणारे व्हिडिओ बहुतेक अमेरिकेचे असतात. तिथे १९७५ पासून तसा कायदा आहे, तो साताऱ्यात दाखवून उपयोग नाही.

विमा हा तिसराच भाग. दिव्यांसारख्या विजेवर चालणाऱ्या जादा वस्तूंची किंमत पॉलिसीत नोंदवली नसेल तर क्लेममध्ये तिचे पैसे धरत नाहीत.

सर्व्हिसच्या आदल्या दिवशी जुनी पुंगळी परत चढवून जाणारेही आहेत. ईसीयूत साठलेले फॉल्ट कोड स्कॅनर लावला की वाचता येतात, आणि पाना फिरलेल्या नटांचे कोपरे मेकॅनिकला ओळखू येतात.