गोवा लोहखनिज कायमस्वरूपी निधी

गोव्यात खणलेल्या लोहखनिजाच्या विक्रीतला ठरावीक वाटा पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेवणारी व्यवस्था. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात हा निधी उभारण्याचा आणि विक्रीमूल्याचे १० टक्के त्यात जमा करण्याचा आदेश दिला. जमिनीखालचे खनिज ही वाडवडिलांची ठेव आहे; ती विकली तर पैसा तरी शिल्लक राहायला हवा, हा यामागचा विचार. नॉर्वेने खनिज तेलाच्या पैशाबाबत १९९० मध्ये कायदा करून हेच केले. गोव्याला हे सुचेपर्यंत डोंगरच्या डोंगर बोटीत चढून गेले होते.

गोंधळाचे मूळ पोर्तुगीज काळात आहे. १९०६ च्या वसाहती कायद्याखाली खासगी व्यक्तींना मुदतच नसलेली खाण कन्सेशन्स, म्हणजे खनिज काढण्याचे हक्क, दिली गेली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तरी ती तशीच चालू राहिली. १९८७ मध्ये संसदेने कायदा करून ती रद्द केली आणि त्यांना मानीव (कायद्याने सरकारी भाडेपट्टे मानलेले) खाणपट्टे ठरवले. म्हणजे मुक्तीनंतर पाव शतक, खनिज नेमके कुणाच्या मालकीचे, हा प्रश्न मोकळाच होता.

विक्रीची घडी मात्र त्याआधीच बसली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला पोलाद कारखाने उभे करायचे होते आणि त्याच्याकडे खनिज नव्हते. १९५० च्या दशकाच्या आरंभी जपानी उद्योगाने डिचोली तालुक्यातल्या शिरगावच्या खाणीला यंत्रसामग्रीसाठी कर्ज दिले आणि त्याची फेड खनिजाने करून घेतली. यंत्रे, बाजारपेठ आणि दीर्घ मुदतीचे करार, सगळे एकाच दारातून आले. गोवा पोर्तुगालकडून भारताकडे आला तरी हा धागा तुटला नाही. पुढची कित्येक दशके जपान हाच मुख्य गिऱ्हाईक राहिला. दोन देशांतल्या व्यापारी मैत्रीचे हे उत्तम उदाहरण म्हणता येईल, पण त्या करारांत डिचोली-सत्तरी या खाणींच्या तालुक्यांतल्या शेतकऱ्याला कुठेच जागा नव्हती.

गोव्याच्या खनिजाचा बराचसा भाग भुकटीच्या रूपात मिळतो. टिप्पर ते खाणीतून नदीकाठच्या जेटीवर आणतात, तिथून बार्जमध्ये भरले की मांडवी किंवा जुवारीतून ते मुरगाव बंदराकडे जाते. एक टन खनिजामागे साधारण अडीच-तीन टन टाकाऊ माती निघते, आणि तिचे डंप गावाशेजारीच उभे राहतात. पाऊस लागला की ही लाल माती ओहोळातून थेट शेतात उतरते. लईराई देवीच्या जत्रेसाठी साऱ्या गोव्याला माहीत असलेल्या शिरगावात खाणी इतक्या खोल गेल्या की गावच्या विहिरी आटल्या.

२००० नंतर चीनने हलक्या प्रतीचेही खनिज उचलायला सुरुवात केली आणि लगाम सुटला. तेजीच्या शेवटच्या वर्षांत निर्यात वर्षाला ५ कोटी टनांच्या घरात गेली, तीही अवघ्या ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यातून. बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी केंद्राने २०१० मध्ये नेमलेल्या न्या. एम. बी. शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यात सुमारे ३५ हजार कोटी रुपयांच्या नुकसानीचा अंदाज होता. त्या आकड्यावर वाद झाला, पण खाणी त्याच महिन्यात थांबल्या. २०१४ च्या निकालाने तर सर्व मानीव पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपल्याचे ठरवले. त्यानंतरचे सारे उत्खनन बेकायदा ठरले, आणि पुढच्या उत्खननावर वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा आली.

यानंतर सरकारने लिलाव न करता जुन्याच ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण केले. एवढा निकाल समोर असताना जुनीच वाट धरणे ही मोठी चूक होती. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून काम पुन्हा ठप्प झाले. याची झळ बसली ती खाण अवलंबितांना. कर्ज काढून ट्रक घेतलेले मालक, बार्जवरचे खलाशी, गॅरेजवाले, जेटीजवळचे चहावाले यांचा पट्ट्यांच्या कागदांशी काही संबंध नव्हता, तरी हप्ते त्यांचेच थकले. खाण हवी की नको, यावर एकाच घरात दोन मते असणे या भागात नवे नाही. घरातल्या एकाची बागायत धुळीने माखते आणि दुसऱ्याचा ट्रक त्याच रस्त्यावर धावतो.

डिसेंबर २०२२ पासून पट्टे ई-लिलावाने दिले जाऊ लागले. हा खरा बदल आहे, कारण पट्ट्यांची किंमत पहिल्यांदाच उघड बोलीतून ठरू लागली. मात्र लिलावाची रक्कम आणि स्वामित्वधन (काढलेल्या खनिजावरची रॉयल्टी) राज्याच्या चालू खर्चात जिरते. निधीचा उद्देश नेमका याच्या उलट आहे: मुद्दलाला हात न लावता ते वाढू देणे. म्हणून त्याची गल्लत २०१५ पासूनच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाशी करू नये. प्रतिष्ठानाचा पैसा खाणग्रस्त गावांच्या आजच्या गरजांसाठी आहे, निधीचा पैसा अजून न जन्मलेल्यांसाठी.

खणून संपलेल्या जागी आता खोल, पाण्याने भरलेले खंदक आहेत. उन्हाळ्यात नदीची पातळी उतरली की याच खंदकांतले पाणी पंपाने उपसून पिण्याच्या पाण्याची गरज भागवण्याची वेळ राज्यावर आलेली आहे.