७० ग्रॅम पावडर आणि पावसाळ्यातला आड

बेळगाव शहरात राकसकोप जलाशयाचं पाणी शुद्ध होऊन नळाला येतं. खानापूर-जांबोटीकडच्या अनेक वाड्यांवर मात्र आडाचाच आधार. पावसाळ्यात आडाचं पाणी वर येतं, तसं गोठ्यातलं, शौचखड्ड्यातलं पाणीही जमिनीतून झिरपत त्याला मिळतं.

पाणी नितळ दिसलं म्हणून चांगलं असतंच असं नाही. जिवाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. मिलिलिटरभर पाण्यात लाखभर असले तरी डोळ्याला काही दिसत नाही. प्रयोगशाळाही प्रत्येक रोगाचा जंतू शोधत बसत नाही. ती ई. कोलाय पाहते. हा आपल्या आतड्यात राहणारा, बहुतेक वेळा निरुपद्रवी जिवाणू. पाण्यात तो सापडला म्हणजे विष्ठा मिसळली. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात तो एकही चालत नाही.

कॉलरा पाणी प्याल्यावर काही तासांपासून ५ दिवसांत उठतो, टायफॉइडला १ ते ३ आठवडे लागतात. कावीळ अ (हिपॅटायटिस ए) तर सरासरी ४ आठवड्यांनी दिसते. आषाढातलं पाणी श्रावणात बाधतं, तोवर आडाची आठवण कुणाला? दोष जातो कालच्या वड्यावर.

जंतू मारायला आडात ब्लीचिंग पावडर टाकतात, पण ती अंदाजे टाकू नये. आडाचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) गुणिले ७८५, इतके लिटर पाणी. व्यास ३ आणि पाणी ४ मीटर असेल तर सुमारे २८ हजार लिटर. हजार लिटरला २.५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर धरली, तर ७० ग्रॅम. बादलीत आधी थोड्या पाण्यात ती कालवा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा. ५-१० मिनिटांत पावडरीतला चुना तळाशी बसतो. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्या, ती दोरीने आडात सोडा आणि जोरात वर-खाली हिसके द्या. तळाचा चुना आडात टाकू नका, पाणी विनाकारण जड होतं. त्यानंतर किमान तासभर उपसा बंद. म्हणून रात्रीची वेळ सोयीची.

बहुतेकांचं चुकतं ते गढूळ पाण्यात. पावडरीतला क्लोरीन आधी माती आणि पालापाचोळ्यावर खर्च होतो, जंतूंच्या वाट्याला काही उरत नाही. तासाने क्लोरोस्कोपमध्ये (पाण्यातला क्लोरीन मोजायच्या संचात) लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन दिसला नाही, तर पुन्हा पावडर घालावी लागते. क्लोरीनला दाद न देणारे क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवीही असतात. तान्ह्या मुलांचं आणि आजाऱ्यांचं पाणी खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर तसंच उकळू द्यावं.

आणि पावडरही तपासावी. ताजीत ३३ टक्के क्लोरीन असतो, पण दमट हवेत तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातून तो उडून जातो. दोन महिने ओट्यावर पडलेल्या पोत्यातली पावडर कितीही मोजून घातली, तरी क्लोरीन कमीच पडतो.