गप्प बसलेलं म्हातारं कुत्रं

लातूर, नांदेड, परभणीच्या नव्या वसाहतींत अशी घरं आता बरीच दिसतात. पोरांनी कॉलेजात असताना हौसेनं आणलेलं लॅब्रेडोरचं पिल्लू म्हातारं झालंय, पोरं पुण्याला नोकरीला लागलीत आणि कुत्रं आई-वडिलांपाशी राहिलंय. मग लेकीचं बाळंतपण निघतं, नाहीतर पंढरीची वारी, नाहीतर पोराकडं महिनाभर राहायला जायचं ठरतं. घराची चावी शेजारी येते. “जरा ब्रुनोकडं बघा बरं का. दोन टाईम खायला घातलं की झालं. म्हातारा झालाय आता, काही त्रास नाही त्याचा, पडून राहतो.”

‘काही त्रास नाही’ हे आपण कुत्र्याच्या गप्प बसण्यावरून ठरवतो. तरणं कुत्रं मालक गेला की भुंकतं, दार ओरबाडतं, चपला फाडतं. म्हातारं कोपऱ्यात जाऊन पडतं. इटलीतल्या पादुआ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये तरुण आणि वयस्क कुत्र्यांना थोडा वेळ मालकापासून दूर ठेवून पाहिलं. वयस्क कुत्री जास्त निष्क्रिय राहिली, पण चाचणीनंतर त्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं आढळलं. वरून शांत दिसणाऱ्या शरीरात आत ताण चढलेला होता. दुसऱ्याचं म्हातारं कुत्रं सांभाळायला घेणाऱ्यानं आधी हे ध्यानात घ्यावं. त्याला लळा लावायचा तर त्याचं गप्प बसणं वाचता आलं पाहिजे.

आधी त्याचं वय समजून घेऊ. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब सगळ्यांना पाठ आहे, पण तो खरा नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोतल्या गटानं 2020 मध्ये 104 लॅब्रेडोर कुत्र्यांच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा तपासल्या. वय वाढतं तशा या खुणा बदलत जातात, कुत्र्यांत आणि माणसांतही. त्यांची सांगड घातल्यावर दिसलं, की कुत्रं पहिल्या वर्षातच झपाट्यानं मोठं होतं, माणसाच्या तिशीला येऊन पोचतं, आणि पुढं त्याचा वेग मंदावतो. या सूत्रानुसार बारा वर्षांचं लॅब्रेडोर माणसाच्या सत्तरीच्या आसपास येतं. चावीसोबत आपल्याकडं सत्तरीतला एक जीव आलेला असतो.

या वयात डोळ्याच्या भिंगाचा गाभा घट्ट होतो आणि बुबुळामागं निळसर धुरकटपणा दिसू लागतो. पुष्कळजण त्याला लगेच मोतीबिंदू म्हणतात. दोन्ही वेगळे आहेत. या निळसरपणात कुत्र्याला बऱ्यापैकी दिसत असतं, जवळचं आणि अंधारातलं तेवढं कमी होतं. खरा मोतीबिंदू पांढरट असतो आणि नजर अडवतो. फरक डॉक्टरच नीट सांगू शकतात. कानाचं म्हणाल तर वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. शिट्टी, चावीचा खुळखुळाट ऐकून उठणारं कुत्रं उठेनासं होतं आणि घरचे म्हणतात, हट्टी झालंय. त्याला ऐकूच येत नसतं! अशा कुत्र्याला झोपेत एकदम हात लावला तर ते दचकून चावूही शकतं. जवळ जाताना पाय जरा आपटत जावं, जमिनीची थरथर त्याला कळते. समोरून, त्याला दिसेल असं जावं, आणि वाकून अंगावर न येता बाजूला खाली बसावं.

नाक मात्र बराच काळ साथ देतं. अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना एमआरआय यंत्रात जागेपणी, न बांधता, स्वस्थ पडून राहायला शिकवलं. मग 12 कुत्र्यांना पाच वास दिले: स्वतःचा, घरच्या माणसाचा, अनोळखी माणसाचा, ओळखीच्या कुत्र्याचा, अनोळखी कुत्र्याचा. मेंदूचा जो भाग काहीतरी चांगलं मिळणार या अपेक्षेनं जागा होतो, तो सर्वांत जास्त जागा झाला घरच्या माणसाच्या वासानं. आणि ज्याचा तो वास, तो माणूस त्या वेळी तिथं नव्हता. नुसत्या वासानं ही किमया केली.

यातून घरच्यांना सांगायची गोष्ट सरळ आहे. जाण्याआधी काकूंची वापरातली साडी किंवा काकांची वाकळ न धुता कुत्र्याच्या अंथरुणावर टाकून जा. आणि सांभाळणाऱ्यानं ती स्वच्छतेच्या हौसेपायी धुऊन काढू नये. त्याच्या शेजारी आपलाही एखादा वापरलेला पंचा ठेवला, तर आपला वास त्याच्या झोपेच्या जागेशी जोडला जातो.

आता मूळ प्रश्न. इतकी वर्षं एका माणसाशी जोडलेलं कुत्रं उतारवयात नव्या माणसाला जवळ करतं का? मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लहान लेकरांची आईशी असलेली ओढ मोजायला एक चाचणी तयार केली होती. अनोळखी खोली, आई बाहेर जाते, परकं माणूस येतं, आई परत येते, आणि या सगळ्यात मूल काय करतं ते टिपायचं. बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांड विद्यापीठातल्या संशोधकांनी 1998 मध्ये तीच चाचणी कुत्र्यांवर लावली आणि कुत्र्यांची मालकाशी असलेली ओढ लेकरांसारखी मोजता येते हे दाखवलं. पुढं 2001 मध्ये तिथल्याच गटानं निवाऱ्यातल्या प्रौढ कुत्र्यांना निवडलं. एका माणसानं प्रत्येकाशी दहा-दहा मिनिटांच्या तीन भेटी केल्या. एवढ्यावर ती कुत्री चाचणीत त्या माणसाच्या मागं जाऊ लागली, तो परतल्यावर त्याला बिलगू लागली.

तीन भेटी! निवाऱ्यातली कुत्री माणसाच्या सहवासाला भुकेली असतात आणि घरच्या कुत्र्याला स्वतःची माणसं आहेत, हा फरक खराच. तरीही कुत्र्याची माया एकाच माणसापाशी संपत नाही, नवं नातं जोडायची क्षमता प्रौढपणीही शाबूत असते, हे यातून दिसतं. जुनं नातं पुसल्याशिवाय नवं जुळू शकतं.

ते जुळवायचं कसं? एरिका फॉयरबाखर आणि क्लाइव्ह विन यांनी 2015 मध्ये एक साधा प्रयोग केला. कुत्र्यांना दोन माणसांपैकी एकाजवळ बसायची मुभा दिली. एक हात फिरवणारा, दुसरा तोंडानं कौतुक करणारा. कुत्री हात फिरवणाऱ्यापाशी गेली. नुसत्या गोड बोलण्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. कान मंदावलेल्या म्हाताऱ्यासाठी तर स्पर्शाचं मोल आणखी वाढतं. हात छातीवर, मानेच्या बाजूला फिरवावा. कंबर आणि मागचे पाय सांभाळून, कारण सांधे दुखत असतात. मध्येच थांबावं. ते पुढं सरकलं, नाकानं हात ढोसला, तर पुन्हा. मान फिरवली, ओठ चाटले, तर पुरे.

जपानच्या अझाबू विद्यापीठात 2015 मध्ये दिसलं, की कुत्रं आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे मायेच्या नात्याशी जोडलेलं संप्रेरक वाढतं. हातावर वाढवलेल्या लांडग्यांत तसं झालं नाही. पण हे आपल्या माणसाच्या नजरेबद्दल आहे. परक्यानं रोखून पाहिलेलं कुत्र्याला धमकीच वाटते, म्हणून पहिल्या दिवसांत नजर बाजूला ठेवावी. ते आपणहून पाहू लागलं की समजावं, काहीतरी बदललं. शेपटीही बघावी. इटलीत 2007 मध्ये झालेल्या एका अभ्यासात मालक दिसल्यावर कुत्र्यांची शेपटी त्यांच्या उजव्या बाजूला जास्त झुकून हलली, आणि अंगावर येईल असं अनोळखी कुत्रं दिसल्यावर डावीकडं.

खाण्यात नवं काही करू नये. भाकरी खाणारं असेल तर भाकरीच द्यावी. माणसासोबत राहून कुत्र्याला लांडग्यापेक्षा पिष्ट चांगलं पचू लागलंय, त्याच्या जनुकांतही हे दिसतं. मात्र कांदा-लसणाची आमटी, मनुके आणि द्राक्षं पूर्ण टाळावीत. आपल्याकडं द्राक्षाच्या हंगामात घरोघर पेटी येते आणि कौतुकानं दोन मणी कुत्र्यापुढंही टाकले जातात. त्यानं मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. लंगडतंय म्हणून घरातली आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देणं तर जिवावरचा खेळ आहे.

उन्हाळ्यात पारा 42 वर जातो तेव्हा हे सगळं आणखी नाजूक होतं. कुत्र्याला घाम फक्त पंज्यांच्या गाद्यांना येतो, बाकी सगळी मदार धापेवर. म्हाताऱ्या फुफ्फुसांना ती झेपत नाही. फिरवायचं ते दिवस उगवायच्या आत, आणि दुपारी लाईट गेली की ओली सतरंजी आणि गार पाणी जवळच हवं. गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय घसरतात. तिथं गोणपाट टाकलं तरी ते उठून आपल्याकडं यायला धजतं. फिरताना त्याला मनसोक्त हुंगू द्यावं. पाय चालत नसले तरी नाक गावभर फिरून येतं.

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत श्वान प्रदर्शन भरतं, तिथं कौतुक होतं ते तरण्या, चपळ कुत्र्यांचं. म्हातारपणाकडं बघायची नजर आपल्याकडं अजून तयार व्हायची आहे, आणि सांभाळायला आलेला माणूस इथंच मोठं काम करू शकतो. घरचे रोज पाहतात, त्यामुळं हळूहळू होणारा बदल त्यांच्या लक्षात येत नाही. आपल्याला तो चटकन दिसतो. रात्री उगाच येरझाऱ्या घालणं, दाराच्या बिजागरीकडच्या बाजूला उभं राहणं, कोपऱ्यात अडकणं, ओळखीच्या माणसाकडं परक्यासारखं पाहणं, पाणी अचानक जास्त पिणं. शेवटचं लक्षण मूत्रपिंडाचं किंवा मधुमेहाचं असू शकतं. बाकीची मेंदूच्या झिजेची असू शकतात. या आजारात माणसाच्या अल्झायमरप्रमाणेच अमायलॉइड नावाचं प्रथिन मेंदूत साठतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या 2001 च्या पाहणीत 11-12 वर्षांच्या कुत्र्यांपैकी 28 टक्के आणि 15-16 वर्षांच्यांपैकी 68 टक्के कुत्र्यांत मेंदूच्या झिजेचं किमान एक लक्षण होतं.

आजार पूर्ण बरा होत नाही, पण औषधानं, आहारानं आणि ठरलेल्या वेळांनी त्रास कमी होतो. तेव्हा असं काही दिसलं की मोबाइलवर चित्रण करून ठेवावं, वेळ लिहावी, आणि मालकाला फोनवरच सांगावं, परत येईपर्यंत थांबू नये. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नाही उलगडलं तर परभणी आणि उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या डॉक्टरांना रात्री दोन वाजता घेतलेलं ते अर्ध्या मिनिटाचं चित्रण फार उपयोगी पडतं, कारण तपासणीच्या टेबलावर उभं केलेलं म्हातारं कुत्रं पुन्हा गप्पच असतं.