लेकॉक ॲबी आणि लेकॉक गाव

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातला मध्ययुगीन मठ, पुढे त्याचाच झालेला वाडा आणि त्याच्या पायथ्याशी वसलेले गाव. सॅलिस्बरीची काउंटेस एला हिने १२२९ मध्ये ऑगस्टिनियन पंथाच्या ननांसाठी मठ स्थापला. आठव्या हेन्री राजाने देशभरचे मठ बंद केले तेव्हा, १५३९ मध्ये तोही बंद झाला आणि दुसऱ्याच वर्षी विल्यम शॅरिंग्टनने ७८३ पौंडांना विकत घेतला. इतरांनी असे मठ पाडून दगड विकले. शॅरिंग्टनने पाडले ते फक्त चर्च. तळमजल्यावरच्या ओवऱ्या तशाच ठेवून ननांच्या वरच्या मजल्यावर त्याने घर केले.

म्हणूनच आधी ओवऱ्या पाहाव्यात, मग वरचे दालन. उलट केले तर वाड्याची रचना डोक्यात बसत नाही. पूर्वेकडे सभागृह आणि शेकोटीची खोली आहे. १५०० साली आजच्या बेल्जियममधल्या मेकेलेनला ओतलेला मोठा धातूचा हंडा तिथेच ठेवलेला आहे. हॅरी पॉटरच्या चित्रीकरणामुळे या भागात सर्वाधिक गर्दी होते, तेव्हा दार उघडताच इकडे यावे. आग्नेय कोपऱ्यातला अष्टकोनी मनोरा शॅरिंग्टनचा.

पाडलेल्या चर्चची शिल्लक राहिलेली उत्तरेची भिंत आता वाड्याची दक्षिण बाजू झाली आहे. त्या बाजूच्या दालनातल्या मधल्या जाळीदार खिडकीचा फोटो वाड्याचा तेव्हाचा मालक आणि छायाचित्रणाचा एक आद्य संशोधक विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने ऑगस्ट १८३५ मध्ये घेतला. आज शिल्लक असलेल्यांत ही सर्वांत जुनी निगेटिव्ह, म्हणजे उजेड-सावली उलटी उमटलेली प्रत. टपाल तिकिटाएवढ्या त्या कागदावर सुरुवातीला भिंगाने सुमारे २०० काचा मोजता येत, असे त्याने लिहून ठेवले होते. मूळ निगेटिव्ह मात्र इथे नाही, हे माहीत नसले की हिरमोड होतो. दालनात उजेड मंद असतो, कारण उन्हाने कापड आणि कागद विटतात. छायाचित्रणाचे संग्रहालय प्रवेशद्वाराजवळच्या जुन्या कोठारात आहे.

टॅलबटची नात मॅटिल्डा हिने १९४४ मध्ये वाडा आणि गाव नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिले. गाव मोकळे, तिकीट फक्त वाड्याचे. तारा आणि ॲन्टेना नजरेआड असल्याने गाव चित्रपटाच्या सेटसारखे वाटते, पण बहुतेक घरांत ट्रस्टचे भाडेकरू राहतात. खिडक्यांतून डोकावू नये. गल्ल्यांत गाडी घुसवण्याची चूक नेहमीची. गाडी गावाबाहेरच्या वाहनतळावरच लावावी. रेल्वेने आल्यास चिपनम स्थानक सुमारे ५ किलोमीटरवर आहे, पुढे बस.

चार रस्त्यांचे गाव तासाभरात पायी होते. चौदाव्या शतकातले धान्यकोठार चुकवू नये: जमिनीपासून कमान धरत वर गेलेल्या वाकड्या ओंडक्यांवर त्याचे छप्पर पेलले आहे, आणि तीच पद्धत चर्च स्ट्रीटवरच्या एका घराच्या भिंतीत उघडी दिसते. धान्यकोठाराशेजारीच घुमटाची छोटी कोठडी, दारुड्यांना रात्रभर डांबायची. सेंट सिरिअक चर्चमध्ये शॅरिंग्टनची समाधी आहे. त्यापुढे ओढा रस्त्यावरूनच वाहतो. पावसानंतर बाजूच्या दगडी पुलावरून जावे.