ॲडसेन्स खाती बंद करण्याचा अधिकार आला कुठून?

वेबसाइटवर जाहिराती लावून तिच्या मालकाला पैसे देणाऱ्या गूगल ॲडसेन्सचं खातं बंद झाल्याचा ईमेल छोटा असतो. कारण म्हणून त्यात बहुतेकदा ‘अवैध ट्रॅफिक’ (म्हणजे खोटे क्लिक किंवा खोट्या भेटी) एवढंच लिहिलेलं असतं. कोणत्या दिवशीचे, कोणत्या पानावरचे क्लिक अवैध ठरले, ते सांगितलेलं नसतं. अपील करता येतं, पण नेमका आरोप काय हेच ठाऊक नसेल तर अपिलात लिहायचं काय? एकदा अपील फेटाळलं गेलं की पुढे दाद मागायला जागा जवळपास उरत नाही, आणि नव्या नावाने खातं उघडायलाही मनाई असते. वेबसाइटवर घर चालवणाऱ्या माणसासाठी हे फार मोठं संकट आहे.

१९९४ मध्ये ‘हॉटवायर्ड’ या वेब मासिकावर पहिल्या बॅनर जाहिराती झळकल्या तेव्हा वेबवरची जागा माणसंच माणसांना विकत होती. छोट्या साइटकडे जाहिरातदार फिरकतही नसे. २००० मध्ये गूगलने जाहिरातदारांसाठी ॲडवर्ड्स ही सेवा सुरू केली. एप्रिल २००३ मध्ये गूगलने ‘अप्लाइड सिमँटिक्स’ ही कंपनी विकत घेतली आणि ॲडसेन्स हे नाव तिच्याकडूनच आलं. त्याच वर्षी जूनपासून कोणीही अर्ज करावा, मंजुरी मिळाली की छोटासा कोड साइटवर चिकटवावा, आणि पानावरचा मजकूर वाचून गूगल त्याला साजेशी जाहिरात लावेल अशी सोय झाली. बागकामावर, जुन्या कॅमेऱ्यांवर, स्पर्धा परीक्षांवर एकट्याने लिहिणाऱ्याला प्रथमच उत्पन्नाचा मार्ग सापडला. त्या घडीचं महत्त्व कमी लेखता येणार नाही.

पण पैसे क्लिकवर मिळत होते, आणि सगळी गुंतागुंत तिथेच सुरू झाली. साइटचा मालक स्वतःच आपल्या जाहिरातींवर क्लिक करू लागला, मित्रांना करायला सांगू लागला, पुढे तर हे काम करणारे प्रोग्रॅमच तयार झाले. नोव्हेंबर २००४ मध्ये गूगलने टेक्सासमधल्या एका कंपनीवर असे खोटे क्लिक केल्याबद्दल दावा लावला. त्याच डिसेंबरात गूगलचे वित्त अधिकारी जॉर्ज रेयेस यांनी गुंतवणूकदारांपुढे क्लिकमधली फसवणूक हा इंटरनेटच्या अर्थकारणाला सर्वांत मोठा धोका असल्याचं जाहीरपणे सांगितलं.

जाहिरातदार आधीच संतापलेले होते. २००५ मध्ये आर्कन्सॉमधल्या ‘लेन्स गिफ्ट्स’ या दुकानाने खोट्या क्लिकचे पैसे आकारले म्हणून गूगलसह इतर कंपन्यांवर सामूहिक दावा ठोकला. २००६ मध्ये गूगलने ९ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. तिचा भाग म्हणून न्यूयॉर्क विद्यापीठातले प्राध्यापक अलेक्झांडर तुझिलिन यांनी अवैध क्लिक ओळखण्याची गूगलची यंत्रणा तपासली. कंपनीचे प्रयत्न त्यांना वाजवी वाटले. मात्र त्यांच्या अहवालातला एक मुद्दा मला आजही सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: अवैध क्लिक कसा ओळखतात हे उघड केलं तर लबाड माणसं त्यातून वाट काढतील, आणि उघड केलं नाही तर प्रामाणिक माणसाला काहीच पडताळून पाहता येणार नाही. गूगलने गुप्ततेची बाजू धरली. त्या दाव्यात जाहिरातदार होते, गूगल होतं, पण साइटचे मालक कुठेच नव्हते. गुप्ततेचा सर्वांत मोठा भार मात्र त्यांच्यावरच पडला. प्रतिस्पर्ध्याने मुद्दाम क्लिकचा मारा केला तरी खातं त्यांचंच जातं.

त्यात पैसे देण्याची पद्धत अशी की शिल्लक १०० डॉलरवर गेल्याशिवाय काही मिळत नाही, आणि एका महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या २१ तारखेनंतर हातात पडते. म्हणजे खातं बंद होतं त्या दिवशी काही आठवड्यांचे पैसे हमखास गूगलकडेच असतात. जाहिरातीच्या पैशातला आपला वाटा किती, हेसुद्धा मालकांना मे २०१० पर्यंत सांगितलेलं नव्हतं. तेव्हा कळलं की मजकुराच्या पानांवर तो ६८ टक्के आहे. मे २०१४ मध्ये ‘फ्री रेंज कंटेंट’ या कंपनीने कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयात दावा केला. पैसे देण्याची तारीख तोंडावर आली असताना खाती बंद होतात आणि खऱ्या क्लिकची कमाईही अडकवली जाते, अशी तक्रार होती. २०१८ मध्ये १ कोटी १० लाख डॉलरवर तडजोड झाली, पण गूगलने चूक कबूल केली नाही. जाहिरातदारांना २००६ मध्ये जे मिळालं, त्यासाठी साइटवाल्यांना आणखी १२ वर्षं थांबावं लागलं.

मराठीत लिहिणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी होती. ‘मायबोली’ ही मराठी साइट १९९६ पासून होती, ‘मनोगत’ २००४ मध्ये आलं, नंतर मराठी ब्लॉगही भराभर वाढले. पण ॲडसेन्समध्ये हिंदीचा समावेश झाला डिसेंबर २०१४ मध्ये, आणि मराठीचा २०१८ मध्ये. त्याआधी प्रामुख्याने मराठी मजकूर असलेल्या पानावर हा कोड लावणं हाच नियमभंग होता. भारतातल्या अर्जदाराची साइट सहा महिने जुनी असावी, ही तेव्हाची अट वेगळीच. साहजिकच इंग्रजी पानं दाखवून मंजुरी घ्यायची आणि नंतर मराठी लिहायचं, किंवा कोणाकडून तयार खातं विकत घ्यायचं, असे मार्ग निघाले. अशा खात्याचा पाया पहिल्या दिवसापासून कच्चा असतो. त्याचा दोष फक्त लिहिणाऱ्यांवर टाकणं मला पटत नाही. सरळ दरवाजाच बंद होता.

काही सुधारणा झाल्या, त्या नाकारता येणार नाहीत. २०१७ मध्ये अख्ख्या साइटऐवजी फक्त दोषी पानावरच्या जाहिराती थांबवण्याची पद्धत आली आणि नियमभंगाची माहिती दाखवणारं पॉलिसी सेंटरही आलं. पुढे संशयित ट्रॅफिक दिसल्यास खातं बंद करण्याऐवजी जाहिरातींवर तात्पुरती मर्यादा घालायला सुरुवात झाली. अवैध क्लिकचा तपशील मात्र अजूनही झाकलेलाच राहतो.

कायद्याचं लक्ष बहुतेक मक्तेदारीकडे राहिलं. भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये डिजिटल बातमी प्रकाशकांच्या तक्रारीवरून गूगलची चौकशी सुरू केली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी प्रकाशकांसाठीच्या जाहिरात तंत्रज्ञानात गूगलने बेकायदा मक्तेदारी केल्याचा निकाल दिला. खातं बंद झालेल्या माणसाला कारण मिळायला हवं, या मागणीच्या सर्वांत जवळ पोचला तो युरोपीय संघाचा २०१९ चा नियम. ऑनलाइन बाजारपेठेने व्यापाऱ्याला काढून टाकायचं असेल तर ३० दिवस आधी लेखी कारणांसह कळवावं, असं तो सांगतो. पण ऑनलाइन जाहिरातींची साधनं आणि जाहिरात एक्स्चेंज (जाहिरातींच्या जागेची खरेदी-विक्री जिथे होते ते बाजार) यांना त्याच नियमाच्या पहिल्या कलमात वगळलेलं आहे.